जुनी कंपनी नव्या कंपनीला माझ्याबद्दल काय सांगू शकते? कामावरून काढलं होतं हेही?

हो, खरं असेल तर तेही सांगू शकते. जुन्या मालकाने गप्पच बसावं असा कायदा बहुतेक ठिकाणी नाही. अडवलं जातं ते खोटं किंवा मुद्दाम बदनामी करणारं बोलणं. तसं झालं आणि त्यापायी नोकरी हुकली, तर मानहानीचा दावा करता येतो.

प्रत्यक्षात मात्र मोठ्या कंपन्यांचे एचआर विभाग याच दाव्यांच्या भीतीने फारसं बोलत नाहीत. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, फार तर 'पुन्हा घ्याल का?' याचं हो-नाही, एवढंच. खरा धोका असतो तो जुन्या साहेबांना थेट गेलेल्या फोनचा. तिथे कंपनीचं धोरण बाजूला राहतं आणि माणूस मोकळेपणाने बोलतो. म्हणून संदर्भासाठी, म्हणजे नव्या कंपनीने तुमच्याबद्दल विचारावं म्हणून, कोणाचं नाव द्यायचं ते नीट ठरवा आणि त्यांना आधी विचारा.

आजारपण, गरोदरपण, धर्म या गोष्टी अशा बोलण्यात येताच कामा नयेत. आधीचा पगार सांगण्या-विचारण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात तर २०१८ पासून नव्या मालकाने उमेदवाराचा आधीचा पगार विचारायलाच बंदी आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर काढल्याचं लपवू नका. मुलाखतीत विचारलं तर दोन वाक्यांत खरं कारण सांगा. पडताळणीत वेगळं काही निघालं, तर हातात आलेलं ऑफर लेटरही रद्द होऊ शकतं. आणि अर्जासोबतच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी ते पूर्ण वाचा, कोणाकडे काय विचारणार ते बहुधा त्यातच लिहिलेलं असतं.