आईबाबांना मुंबईत फाइव्ह स्टारला नेतेयस ना, मग बुकिंगच्या आधी हे वाच

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला आणि खरंच खूप बरं वाटलं. पहिला मोठा बोनस हातात आला आणि त्यातनं आईबाबांना सांगलीहून मुंबईत आणून दोन रात्री चांगल्या हॉटेलात ठेवायचं तुझ्या मनात आलं. याच्यापेक्षा चांगला खर्च मला तरी सुचत नाही. पण तू विचारलंयस की मुंबईतलं सगळ्यात भारी हॉटेल कुठलं, त्याचं एका ओळीत उत्तर देऊन मोकळी झाले तर तुझे पैसे वाया जातील. मी इतकी वर्षं फोर्टच्या ऑफिसात ट्रॅव्हल डेस्कवर बसून लोकांची बुकिंगं केली, त्यावरनं सांगते, मुंबईत आधी एरिया ठरवायचा, मग खोली, आणि हॉटेलचं नाव सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात, आधी नाव पकडतात आणि मग दोन दिवस टॅक्सीत बसून काढतात.

आता तुमचंच बघ. तुम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येणार, म्हणजे सकाळी सकाळी सीएसएमटीला उतरणार. तिथून बॅगा घेऊन जुहूला जायचं म्हणजे आईबाबांचा अर्धा उत्साह रस्त्यातच संपला. त्यांना बघायचंय काय, तर गेटवे, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक, महालक्ष्मी. त्यामुळे तुझ्यासाठी कुलाबा नाहीतर नरिमन पॉइंट, विषय संपला. बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल आणि विमानतळाजवळचं सहार, तिथली हॉटेलं उत्तम आहेत, पण ती मीटिंगवाल्यांची, शनिवार-रविवारी ही माणसं घरी जातात म्हणून तिथले रेट बऱ्याचदा उतरतात. पुढे कधी नीता मुकेश अंबानी सेंटरला मोठं नाटक बघायला आलात तर वीकेंडला बीकेसीत राहा, स्वस्तात पडेल. वरळी-लोअर परळला फोर सीझन्स, सेंट रेजिस आहेत, वरच्या मजल्यावरनं शहर छान दिसतं, पण खाली उतरून चालायला गेलं तर मॉल आणि ट्रॅफिक. आईबाबांना चालायला आवडतं, तूच सांगितलंयस.

आणि आता मेट्रो आहे. ॲक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली, त्यामुळे नरिमन पॉइंटला राहिलीस तर विधान भवन स्टेशनवरनं बसायचं आणि सिद्धिविनायकला उतरायचं, एसी गाडी, मध्ये बदलायची भानगड नाही. महालक्ष्मीचं स्टेशनही त्याच लाइनवर. बाबांना तर मेट्रोचंच कौतुक वाटेल बघ.

मग आता कुलाब्याचं ताज की नरिमन पॉइंटचं ओबेरॉय-ट्रायडेंट, खरा प्रश्न इतकाच उरतो. ताज १६ डिसेंबर १९०३ ला सुरू झालं, गेटवे पूर्ण झालं १९२४ ला, म्हणजे ताज आधीचं आणि गेटवे नंतरचं, हे बाबांना सांग, त्यांना असलं आवडतं. आणि मूळ आराखडा ज्यांनी केला त्यात सीताराम खंडेराव वैद्य नावाचा आपला मराठी माणूस होता, हे तर नक्की सांग. पण एक गोष्ट बुकिंगच्या आधी कळायला हवी. ताजसमोरचा समुद्र म्हणजे पूर्वेकडचं बंदर. तिथे सूर्य उगवतो, मावळत नाही. सूर्यास्त हवा असेल तर मरीन ड्राइव्ह, म्हणजे ओबेरॉय नाहीतर ट्रायडेंटची समुद्राकडची खोली. आता मला सांग, तुझे आईबाबा पाचला उठणारे, चहा घेऊन खिडकीशी बसणारे, त्यांना समोर बोटी आणि गेटवेच्या मागनं येणारा उजेड दिसला तर त्या खोलीचे पैसे तिथेच वसूल झाले. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायला काही पैसे पडत नाहीत. म्हणून माझं मत ताज.

ताजमध्ये जुनी इमारत म्हणजे पॅलेस विंग आणि बाजूचा उंच टॉवर. टॉवर स्वस्त, पॅलेस महाग, आणि दोन्हीत शहराकडच्या आणि समुद्राकडच्या खोल्या वेगळ्या. साइटवर नुसतं ताजमहाल पॅलेस बघून बुक करू नकोस, खोलीच्या नावात टॉवर की पॅलेस, सिटी व्ह्यू की सी व्ह्यू ते नीट वाच. बजेट दोन रात्री सी व्ह्यूचं नसेल तर दोन रात्री सिटी व्ह्यू घेण्यापेक्षा एकच रात्र सी व्ह्यूची घे आणि दुसरी रात्र जवळच्याच साध्या स्वच्छ हॉटेलात काढ, आधी साधं, मग ताज, या क्रमानं. लोकांना हे विचित्र वाटतं पण माझ्या मते हाच सगळ्यात शहाणपणाचा खर्च.

पैशाचं गणित आता नीट बघ, सगळे इथेच फसतात. दाखवलेल्या रेटच्या पुढे बारीक अक्षरात प्लस टॅक्सेस असतं. साडेसात हजारापर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे १५,००० ची खोली १७,७०० ला पडते. जेवणाचंही तसंच, बाहेरच्या रेस्टॉरंटला ५ टक्के, पण अशा महागड्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८. सहा हजाराचं जेवण बाहेर ६,३०० ला आणि हॉटेलात ७,०८० ला. शिवाय बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो देणं सक्तीचं नाही, ग्राहक प्राधिकरणाचे नियम २०२२ चे आहेत आणि दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२५ मध्ये तेच उचलून धरलं. सर्व्हिस आवडली नाही तर शांतपणे काढायला सांग, आवडली तर ज्यानं वाढलं त्याच्या हातात टिप दे.

नॉन-रिफंडेबल रेट कितीही स्वस्त दिसला तरी घेऊ नकोस, आईबाबांना घेऊन येतेयस, एखाद्याचा ताप, एखाद्याचं लग्न, काहीही निघतं. आणि चेक-इनला क्रेडिट कार्ड दे, डेबिट नको. हॉटेलवाले खोलीच्या भाड्यावर आणखी काही रक्कम डिपॉझिट म्हणून ब्लॉक करतात, क्रेडिट कार्डवर ती नुसती लिमिटमधून अडकते, डेबिटवर तुझ्या खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला बरेच दिवस जातात. मुंबईत उभं राहून खात्यात पैसे नाहीत असं व्हायला नको.

तारीख ठरवताना कालनिर्णय समोर ठेव, हे मी गंभीरपणे सांगतेय. संकष्टी किंवा एकादशी आली तर आईचा उपास, श्रावण आला तर बाबांचं मासे-मटण बंद, आणि इतक्या लांब येऊन साबुदाण्याची खिचडी शोधत फिरायची वेळ येईल. डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळ, रेट डोक्याला हात लावायला लावतात. पावसाळ्यात रेट बरे असतात, आणि भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हवर लाटा बघणं हा स्वतंत्र सोहळा आहे. विसर्जनाच्या दिवशी मात्र गिरगावकडचे रस्ते विसरायचे.

बुकिंग झालं की हॉटेलला फोन कर, ईमेलही टाक. तीन गोष्टी विचार. बाबांचा गुडघा दुखतो ना, म्हणून टबमध्ये चढून अंघोळ करावी लागेल अशी बाथरूम नको, वेगळा शॉवर हवा, आणि जेट स्प्रे आहे ना ते विचार, यात लाजण्यासारखं काहीच नाही, रोज विचारतात लोक. दुसरं, तिघांना एक खोली की दोन, एक्स्ट्रा बेडचे किती, आणि ब्रेकफास्ट तिघांचा धरलाय का दोघांचाच. तिसरं, सकाळी लवकर पोचतोय हे कळव. चेक-इन दुपारी असतं, खोली रिकामी असेल तर लवकर देतात, नसेल तर बॅगा बेल डेस्कवर ठेवून बाहेर पडायचं. लग्नाचा वाढदिवस आहे हेही लिही, मागून काही मिळेलच असं नाही, पण बऱ्याचदा केक नाहीतर फुलं ठेवतात आणि आईचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता जेवण. दोन दिवसांतलं एकच जेवण मोठं करायचं, बाकीची साधी. सगळी हॉटेलातच केलीस तर तिसऱ्या जेवणाला बाबा मेनूकार्ड उजव्या बाजूनं वाचायला लागतील आणि सूप सांगून पोट भरलं म्हणतील. हे होतंच, मी कितीतरी घरांत बघितलंय. त्याला उपाय म्हणजे टेबल बुक करतानाच कॅप्टनला सांगायचं की बिल माझ्याकडेच आणा, आणि ऑर्डर तूच दे, तिघांना दोन भाज्या किंवा डिशेस पुरतात, पोर्शन मोठे असतात. पाणी विचारतील तेव्हा साधं पाणी म्हण, फिल्टरचं देतात.

मस्क वगैरे रेस्टॉरंटची नावं तू पाठवलीस. महालक्ष्मीचं मस्क फार मोठं नाव आहे, एकामागून एक छोटे छोटे कोर्स येतात, बराच वेळ चालतं. तू मैत्रिणीबरोबर जा, जरूर जा. पण सातला जेवून दहाला झोपणाऱ्या माणसांना तिथे नेऊ नकोस, त्यांना ते कळणार नाही असं नाही, पण त्यांची संध्याकाळ अवघडून जाईल.

मोठ्या जेवणासाठी माझ्या डोक्यात दोन जागा आहेत. एक म्हणजे ताजमधलंच सी लाउंज, दुपारचा हाय टी. पहिल्या मजल्यावर, खिडकीतनं गेटवे आणि बोटी, आणि त्या टेबलावर केक, सँडविचेसच्या शेजारी भेळ, शेवपुरी असते. आईला चांदीच्या किटलीतला चहा आणि त्याच्याबरोबर शेवपुरी, म्हणजे ती बावरणार नाही, तिथली होऊन बसेल. खिडकीचं टेबल हवं हे बुक करताना स्पष्ट सांग, नाहीतर आतल्या बाजूला बसवतात. दुपारी हे केलंस तर रात्री कोणाला भूक नसते, तेवढाच खर्च वाचतो.

दुसरी म्हणजे जाताना विमानानं जाणार असाल किंवा कोणाला विमानतळावर सोडायचं असेल तरच, सहारचं आयटीसी मराठा, त्यातलं पेशावरी. तिथे गळ्याला ॲप्रन बांधतात आणि सगळे हातानं जेवतात, काटे-चमच्यांची परीक्षाच नाही. रात्रभर मंद आचेवर शिजलेली काळ्या उडदाची दाल बुखारा बाबांना आवडेल, भाकरीवाल्या माणसाला ती लगेच कळते. पण निव्वळ तेवढ्यासाठी कुलाब्याहून सहारला जाऊ नका.

मासे खायचे तर काळा घोड्याजवळ तृष्णा, बटर-पेपर-गार्लिक खेकडा. मेनूत भाव नसेल तर वजन आणि किंमत विचारूनच हो म्हण. शाकाहारी वेळेला काळबादेवीचं ठाकर भोजनालय, १९४५ पासूनचं, गुजराती थाळी, वाढणारे थांबतच नाहीत. नाहीतर ताडदेवचं स्वाती स्नॅक्स, केळीच्या पानातली पानकी आईला घरी करून बघावीशी वाटेल. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं, बेरी पुलाव, पण तिकडे दुपारीच जा.

एक अजून. ताजमध्ये राहणाऱ्या पाहुण्यांसाठी हेरिटेज वॉक असतो, चेक-इनलाच वेळ विचारून नाव लिहून ठेव, घुमटाखालचा जिना त्यात नीट बघायला मिळतो. आणि २६/११ च्या हल्ल्यात तिथे जीव गमावलेल्या ३१ जणांची नावं असलेलं स्मारक आत आहे. बाबांनी ती रात्र टीव्हीसमोर जागून काढली होती असं तू मला एकदा सांगितलं होतंस, त्यांना तिथे घेऊन जा, घाई करू नकोस.

खोलीतल्या फ्रिजमधल्या वस्तूंचे पैसे लागतात हे आईला आधीच सांगून ठेव, पाण्याच्या ज्या बाटल्या कॉम्प्लिमेंटरी आहेत त्या कुठल्या ते दाखव. कपडे हॉटेलात धुवायला देऊ नका. आणि कपड्यांचं म्हणशील तर आईनं तिची पैठणी आणावी, बाबांनी शर्ट आणि बंद बूट, बास. दारावरचा माणूस जितक्या अदबीनं परदेशी पाहुण्याला नमस्कार करतो तितक्याच अदबीनं तुझ्या आईलाही करेल, त्याचं कामच ते आहे, आणि तुम्ही पूर्ण पैसे भरून आलेले पाहुणे आहात.

तारीख पक्की झाली की कळव. पैसे भरायच्या आधी रेटचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर टाक, टॅक्स धरलाय का, कॅन्सलेशन कधीपर्यंत फुकट आहे आणि खोली खरंच समुद्राकडची आहे का ते मी बघून सांगते. दोन दिवसांत टाकलंस तर बरं, वीकेंडचे रेट वर चढत जातात.

तुझी,
ताई