रिपोर्टमधला तपकिरी रंग: गाठीच्या तपासण्यांबद्दल तुमचे प्रश्न

खर्रा आणि तोंडाच्या कॅन्सरवरच्या मागच्या लेखात ‘आयएचसी’चा ओझरता उल्लेख केला होता. गाठीच्या तुकड्यावर अँटीबॉडी (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारं प्रथिन) टाकून त्यातली प्रथिनं रंगवून बघायची, अशी ही तपासणी. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं गाळली आहेत.

बाबांच्या गालात आतून जखम होती, बायोप्सीत कॅन्सर निघाला. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय, ‘पी-५३: ८० टक्के पेशींच्या केंद्रकात ठळक पॉझिटिव्ह’. मोबाइलवर वाचलं, की पी-५३ हे कॅन्सर रोखणारं प्रथिन आहे. मग ते एवढं भरपूर आहे हे चांगलंच ना? (आर्णी, जि. यवतमाळ)

तर्क सरळ आहे, पण इथे तो उलटा पडतो.

निरोगी पेशीत पी-५३ फार थोडं असतं. पेशी ते सतत बनवते आणि एमडीएम-२ नावाचं दुसरं प्रथिन ते काही मिनिटांतच मोडीत काढायला लावतं. डीएनएला इजा झाली की ही मोडतोड थांबते, पी-५३ साठतं, आणि पेशीची वाढ रोखतं किंवा तिला मरायला लावतं. म्हणूनच संशोधक डेव्हिड लेन यांनी १९९२ मध्ये त्याला ‘जीनोमचा’, म्हणजे पेशीच्या सगळ्या डीएनएचा, ‘राखणदार’ म्हटलं. आता जनुकात बिघाड झाला, की बहुतेक वेळा प्रथिनातलं एखादंच अमिनो आम्ल बदलतं. असं प्रथिन काम करत नाही, आणि पेशी ते मोडूनही टाकत नाही. ते केंद्रकात साचत जातं. अँटीबॉडीला ते सापडतं, आणि स्लाइडवर केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. माळ्यावर जागलीला दहा माणसं बसली आहेत, पण सगळी घोरताहेत. डुकरांनी शेत साफ केलं तरी मोजणाऱ्याचा आकडा दहाच येणार. अँटीबॉडी फक्त मोजते, कोण जागं आहे ते सांगत नाही.

या गोंधळात तुम्ही एकटे नाही. १९७९ मध्ये हे प्रथिन सापडलं तेच मुळी अँटीबॉडींमुळे. एसव्ही-४० विषाणूने गाठी झालेल्या प्राण्यांच्या रक्तद्रवातल्या अँटीबॉडींनी विषाणूच्या प्रथिनासोबत हेही ओढून काढलं. गाठींत ते भरपूर दिसायचं, म्हणून ते कॅन्सर घडवणारं आहे असं जवळपास दहा वर्षं मानलं गेलं. सुरुवातीला अभ्यासलेले नमुनेच बिघडलेले होते, हे १९८९ च्या सुमाराला उलगडलं.

उलट टोकही असतं. काही बिघाडांत प्रथिन तयारच होत नाही, मग गाठ पूर्ण कोरी दिसते. ‘निगेटिव्ह’ वाचून घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात, पण तोही बिघाडच. कुठे फिकं, कुठे मध्यम, कुठे काहीच नाही, असं विखुरलेलं रंगणं हे सहसा धड प्रथिनाचं लक्षण. म्हणून नुसत्या टक्क्यांपेक्षा रंगण्याची ठेवण बघतात.

आणि मुख्य गोष्ट: गालाच्या कॅन्सरमध्ये या एका ओळीवरून उपचार ठरत नाहीत. गाठ किती मोठी, किती खोल, मानेच्या गाठींत पसरली का, यावर ठरतात. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये मात्र पी-५३ च्या ठेवणीवरून उपचार बदलू शकतात. बाबांच्या बाबतीत ऑपरेशनची तारीख लवकर मिळवा, डोकं तिथे लावा.

आमच्याकडे सर्जन महिन्यातून ठरावीक दिवशी येतात. बायोप्सीचा तुकडा एसटीने नागपूरला जातो. फॉर्मेलिन (तुकडा टिकवणारं द्रावण) संपलं की सलाइनमध्ये टाकतो. या तपासणीवर परिणाम होतो का? (परिचारिका, जि. गडचिरोली)

होतो, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा फार आनंद झाला. प्रयोगशाळेत कितीही महागडी अँटीबॉडी असली, तरी तुमच्या टेबलावर जे बिघडलं ते तिथे दुरुस्त होत नाही.

सलाइनमध्ये तुकडा जपला जात नाही, सडतो. मे महिन्यात तर काही तासांतच. केंद्रकं विरघळल्यासारखी होतात आणि पी-५३ कोरं येतं. मघाशी सांगितलं तसं, कोरं येणं हाही एक निकाल आहे! म्हणजे खराब तुकडा आणि खरा बिघाड दिसायला सारखेच. फरक कसा करायचा? गाठीच्या आजूबाजूच्या निरोगी पेशींत, म्हणजे लिम्फोसाइट किंवा फायब्रोब्लास्टमध्ये, काही केंद्रकं तरी फिकी तपकिरी दिसली पाहिजेत. तीही कोरी असतील तर तपासणीच फसली, असं धरून पुन्हा करावी लागते. त्या फिक्या केंद्रकांकडे न बघता दिलेला ‘निगेटिव्ह’ मी मानत नाही.

तर १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन, तुकड्याच्या दहापट तरी. तुकडा काढल्याबरोबर त्यात टाका. रुंद तोंडाची बाटली घ्या. इंजेक्शनच्या अरुंद बाटलीत तुकडा मऊ असताना सहज जातो, ताठ झाल्यावर निघत नाही, मग चिमट्याने चेंदामेंदा होतो. नाव पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीला चिकटवा, झाकणाला नको, कारण झाकणांची अदलाबदल होते. गाठ मोठी असेल तर मधोमध चिरा, नाहीतर फॉर्मेलिन आत पोचत नाही. ६ ते ७२ तासांत तुकडा पुढच्या प्रक्रियेला लागावा. बर्फाच्या पेटीत गोठवू नका. फॉर्मेलिन संपायच्या आत मागणी करा, आणि मागणीची प्रत स्वतःजवळ ठेवा.

मॅडम, हे अँटीबॉडी ससे न उंदीर मारून बनवते म्हने, खरं हाय का? अन् थे माह्या मायच्या आंगात टोचतीन का? (जि. वाशीम)

मायच्या अंगात काहीच टोचणार नाहीत. तुकडा आधीच काढलेला आहे. त्याच्या ३-४ मायक्रॉनच्या पातळ कापावर, काचेवरच, थेंब टाकतात. सशाच्या किंवा उंदराच्या शरीराने अँटीबॉडी बनवलेली असते हे खरं. पण १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टीन या शास्त्रज्ञांनी उंदराची अँटीबॉडी बनवणारी पेशी कॅन्सरच्या पेशीशी जोडली, तेव्हापासून अशा पेशी बाटलीत वर्षानुवर्षं वाढवता येतात. दरवेळी नवा उंदीर लागत नाही.

उंदरातल्या गाठीवर काम करतो. डीओ-१ ही पी-५३ ची अँटीबॉडी वापरून वेस्टर्न ब्लॉट केला (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने पट्टी शोधायची तपासणी). ५३ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) जरा खाली दणदणीत पट्टी आली. गाइड म्हणतात, झकास. मला शंका आहे. (संशोधक विद्यार्थी, अमरावती)

शंका बरोबर आहे. डीओ-१ मानवी पी-५३ च्या सुरुवातीचा, अमिनो आम्लं २० ते २५ चा भाग ओळखते; उंदराचं पी-५३ ओळखत नाही. मग पट्टी कशाची? डीओ-१ उंदरात बनलेली आहे, त्यामुळे तिला धरून पट्टी दाखवणारी तुमची दुसरी अँटीबॉडी उंदराच्या इम्युनोग्लोब्युलिनला, म्हणजे उंदराच्या कुठल्याही अँटीबॉडीला, धरणारी. गाठीत रक्त आहे, रक्तात उंदराचं स्वतःचं इम्युनोग्लोब्युलिन आहे, आणि त्याची जड साखळी, म्हणजे त्याचा मोठा तुकडा, ५० किलोडाल्टनच्या आसपास धावते. तीच दिसतेय.

पहिली अँटीबॉडी न टाकता एक ब्लॉट करा. पट्टी तशीच आली, तर प्रश्न मिटला. पुढे सशात बनवलेली, उंदराचं पी-५३ ओळखणारी सीएम-५ वापरा. मानवी पेशींवर काम कराल तेव्हा शेजारी एच-१२९९ या प्रयोगशाळेतल्या पेशींचा नमुना लावा, त्यात पी-५३ नसतंच. आणि डॉक्सोरुबिसिन हे डीएनएला इजा करणारं औषध दिलेल्या एमसीएफ-७ पेशींचा, ज्यात ते वाढतं. पहिल्यात कोरं आणि दुसऱ्यात पट्टी, असं दिसेपर्यंत अँटीबॉडीच्या डबीवरच्या लेबलावर विसंबू नका. डबी वारंवार गोठवू-वितळवू नका. लाइट जाते तिथे छोटे भाग करून ठेवलेले बरे. गाइडना बोलण्याऐवजी तो बिनअँटीबॉडीचा ब्लॉटच दाखवा.

पी-५३ बिघडलं म्हणजे मुलांनाही होणार का? (दारव्हा)

बहुतेक वेळा नाही. हा बिघाड गाठीतच, खर्ऱ्यासारख्या कारणाने झालेला असतो. जन्मजात पी-५३ बिघाडाची कुटुंबं विरळा. तिथे लहान वयात, एकाच घरात वेगवेगळे कॅन्सर दिसतात आणि रक्तातल्या डीएनएची तपासणी लागते. स्लाइडवरून ते कळत नाही.

दुसरा सल्ला घ्यायला मुंबईला जायचंय. काय न्यायचं? (चिमूर, जि. चंद्रपूर)

नुसते रिपोर्ट नकोत. रुग्णालयातून पॅराफिनचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड अर्ज करून घ्या. ब्लॉक असला, की तिथे नवा काप काढून अँटीबॉडी पुन्हा लावता येते. महिनोन्महिने पडून राहिलेल्या न रंगवलेल्या कापांवर पी-५३ चा रंग फिका येतो, म्हणून ताजे काप बरे. ब्लॉकचं मेण ५६-५८ अंशांना वितळतं. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नका. पिशवीत, सावलीत, सामानाच्या मधोमध ठेवा. मुंबईचं काम झालं की परत मागून घ्या. पावती असेल तर सहज मिळतो.