पाणी उतरलं म्हणून लगेच पंप नको
अरे चार दिवस पाऊस गेला म्हणून पाणी भरायला लगेच पंप लावू नकोस, आधी भाताच्या खाचरातला एक चूड (रोपांचा झुबका) उपटून मुळं धुवून बघ. तांबूस दिसली तर टेन्शन नाही, साचलेल्या पाण्यात भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ्या होतात, वरून ऑक्सिजन खाली येतो, थोडा बाहेर झिरपतो आणि आपल्या जांभ्या मातीतलं लोह मुळावर गंज होऊन बसतं. काळी पडून कुजका वास आला तर मात्र पाणी काढच. पाणी उतरलं की मुळं ओल शोधत खोल जायला बघतात, पण खाली कातळ लागला की संपलं, तिथे भाताचं वाण कुठलंही असो, काय करणार! भोकं पाडलेला पाईप खाचरात रोव, त्यात डोकावून बघ, पाणी जमिनीखाली १५ सेंमीवर गेलं की मगच भर. फुलोऱ्यात पाणी उतरू द्यायचे हे प्रयोग नकोत हां.