वाचकांचे प्रश्न : वाईट बातमी ऐकून घेणारे साहेब

प्रश्न : चाकण परिसरातील एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी बरीच वर्षे शिफ्ट सुपरवायझर होतो. आता त्याच विभागाचा मॅनेजर झालो आहे. एका चुकीवर बोट ठेवायचे असेल तर तीन वेळा कौतुक करावे, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले. तसे करायला गेलो की लोक गालातल्या गालात हसतात आणि मलाही ते उसने वाटते. शिवाय रिजेक्शनची, म्हणजे तयार भाग बाद ठरण्याची, खरी कारणे माझ्यापर्यंत फार उशिरा पोहोचतात. माझ्यासारख्या रागीट माणसाने सकारात्मक नेतृत्वाची सुरुवात स्वतःमध्ये कोठून करावी? – एक वाचक, चाकण

उत्तर : प्रथम त्या आकड्याविषयी. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि मार्सियल लोसादा यांनी 2005 साली मानसशास्त्राच्या एका नामवंत अमेरिकी नियतकालिकात, माणसे आणि गट बहरण्यासाठी सकारात्मक व नकारात्मक भावनांचे प्रमाण सुमारे 2.9 च्या वर असावे लागते, असे गणिताच्या आधारे मांडले. प्रशिक्षणवर्गांतल्या ‘एकास तीन’ या सूत्राला त्यामुळे मोठे बळ मिळाले. पुढे 2013 साली निक ब्राउन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी हे गणित निराधार असल्याचे दाखवून दिले आणि नियतकालिकाने लेखाचा गणिती भाग मागे घेतला. चांगल्या भावनांमुळे माणसाचा विचार मोकळा होतो, हे फ्रेडरिक्सन यांचे मूळ म्हणणे त्याने बाद होत नाही. कौतुकाचा हिशेब ठेवण्याचे ओझे मात्र आपण निर्धास्तपणे उतरवून ठेवावे.

आपल्या पत्रातले खरे दुखणे कारणे उशिरा पोहोचतात, हे आहे. एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात, हार्वर्डमध्ये संशोधन करत असताना, रुग्णालयांतील गटांकडून औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. ज्या गटांत एकोपा आणि नेतृत्व चांगले, तेथे चुका कमी आढळतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अशाच गटांत जास्त चुका नोंदल्या गेल्या होत्या. खोलात गेल्यावर लक्षात आले, की त्या गटांतील परिचारिका चूक झाली तर उघडपणे सांगत होत्या, इतर ठिकाणी मात्र ती दडपली जात होती. व्यवस्थापकाच्या घडणीचा पाया मला येथे दिसतो : वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाशी आपण पहिल्या अर्ध्या मिनिटात कसे वागतो.

सकाळचा हँडओव्हर, म्हणजे एका पाळीने दुसरीला काम सोपवण्याची वेळ, घ्या. रात्रपाळीचा सुपरवायझर सांगतो, की पहाटेपासून बोअरचे, म्हणजे भागातल्या भोकाचे, माप हलू लागले होते आणि एक अख्खा ट्रे रिवर्कसाठी, म्हणजे दुरुस्तीसाठी, बाजूला काढला आहे. ‘रात्रभर झोपला होतात का?’ असे आपण म्हणालात, तर पुढच्या वेळी तो ट्रे लॉगबुकात न येता मशीनमागे जाईल. ‘कधी लक्षात आले आणि काय काय करून पाहिले?’ असे विचारलेत, तर इन्सर्ट (कापणारे पाते) कधी बदलला, ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) कोणी दिला, मधले कोणते जॉब (भाग) मोजायचे राहिले, हे सारे त्याच जागी समजेल. टोयोटाच्या कारखान्यांत कामगाराने अडचण दिसताच लाइनवरची इशाऱ्याची दोरी ओढली, की टीम लीडर प्रथम त्याच्या मदतीला येतो आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत दोष निस्तरला नाही तरच लाइन थांबते. अडचण सांगणाऱ्याला आधी मदत मिळते, हा अनुभव वारंवार आल्याखेरीज कोणी दोरीला हात लावत नाही.

आता रागाविषयी. आपण त्याच लाइनवरून वर आला आहात, त्यामुळे चूक दिसताक्षणी तिचा उपायही आपल्याला दिसतो, आणि ‘एवढे साधे यांना कसे कळत नाही’ येथून राग चढतो, असे मला वाटते. हातातले कौशल्य हेच अनेक चांगल्या सुपरवायझरांना मॅनेजर म्हणून आड येते, कारण काम स्वतः करण्याची ओढ सुटत नाही आणि दुसऱ्याचे शिकणे पाहवत नाही. राग येणार नाही असे वचन स्वतःला देऊ नका. ते पाळले जाणार नाही. त्यापेक्षा, हँडओव्हरच्या वेळी केवळ विचारायचे आणि लिहून घ्यायचे, जबाबदारीविषयीचे बोलणे दुपारी, त्या एकट्याशी, केबिनमध्ये करायचे, एवढा एकच नियम काही महिने कसोशीने पाळा. अर्थात, कोणी सेफ्टी गार्ड काढून मशीन चालवत असेल, तर त्याला त्याच क्षणी थांबवले पाहिजे. तेथे सौम्यपणा हा गुन्हाच ठरेल. कौतुक कमी वेळा केलेत तरी चालेल, पण ‘छान काम’ म्हणण्याऐवजी कोणी काय केल्याने काय टळले, हे चारचौघांत सांगा.

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. मी सर्वांचे ऐकून घेते असा माझा समज होता. परंतु एका सहशिक्षिकेने मला सांगितले, की निर्णय आधीच ठरवून मग मी मत विचारते. आपले वागणे आपल्यालाच नीट कसे कळावे? – एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी यासाठी एक साधी रीत सुचवली होती. महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय घडेल अशी आपली अपेक्षा आहे ते लिहून ठेवावे आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्ष जे घडले ते त्याशेजारी ठेवून पाहावे. शाळेच्या वर्षाला ही रीत चपखल बसते : जूनमधले वेळापत्रक, वर्गशिक्षकांची नेमणूक, स्नेहसंमेलनाची कामवाटणी, यांविषयीच्या नोंदी एप्रिलमध्ये उघडता येतील. त्यात आणखी एक रकाना ठेवा : बैठकीपूर्वीचे माझे मत आणि बैठकीनंतरचा निर्णय. वर्षभर दोन्ही सारखेच निघाले, तर बाईंचे म्हणणे खरे मानायला हवे. बैठकीचा विषय आदल्या दिवशी कळवा, सर्वांत नव्या शिक्षकाला प्रथम बोलू द्या आणि स्वतः शेवटी बोला. त्या सहशिक्षिकेचे आभार मानाच, शिवाय तिच्या सांगण्यावरून आपण कोणती पद्धत बदलत आहोत, हेही तिला या आठवड्यातच कळू द्या.