लांब इंग्रजी नामांची फोड : घडणीची आणि उच्चाराची

आपण विचारले आहे की 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम' हा इंग्रजी स्पेलिंगमध्ये 28 अक्षरे असलेला शब्द कोठे तोडावा आणि शब्दकोशातील तोड उपसर्ग-प्रत्ययांशी का जुळत नाही. ती जुळत नाही, कारण घडणीची फोड आणि उच्चाराची फोड या मुळातच निराळ्या आहेत. स्पेलिंग लक्षात ठेवायचे असेल तर आधी घडण पाहावी, असे माझे मत आहे.

'एस्टॅब्लिश' म्हणजे येथे चर्चला राजमान्यता देणे. 'डिस' लागला की ती काढून घेणे, 'मेंट'ने त्या क्रियेचे नाम होते आणि 'एरियन'ने तिचा पुरस्कर्ता. त्याला विरोध करणारा तो 'अँटि', आणि 'इझम' ही त्याची भूमिका. म्हणजे 'अँटि' हा 'एस्टॅब्लिश'वर नव्हे, तर 'डिस'सह तयार झालेल्या अख्ख्या शब्दावर बसला आहे. ही मंडळी चर्चच्या सरकारी स्थानाच्या बाजूचीच होती. (आयर्लंडमधील चर्चचे ते स्थान ग्लॅडस्टन ब्रिटनचे पंतप्रधान असताना 1869 च्या कायद्याने गेलेच.)

उच्चारात मात्र याच शब्दाचे 12 सिलॅबल (एका स्वराभोवती उच्चारले जाणारे तुकडे) होतात : अँ-टी-डिस्-इ-स्टॅब्-लिश्-मन्-टेअ-रि-अ-नि-झम्. 'मेंट'मधला 'ट' पुढच्या सिलॅबलला जाऊन मिळाला, हे पाहावे. 'इझम'मध्ये लिहिलेला स्वर एकच असूनही सिलॅबल दोन होतात, कारण 'म'आधी एक पुसट स्वर उच्चारला जातो. तेव्हा मोजायचे ते कानाला ऐकू येणारे स्वर.

प्रत्ययाबरोबर आघात, म्हणजे उच्चारातला जोर, हाही सरकतो. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या, 'फोटोग्राफी'त दुसऱ्या, तर 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्या सिलॅबलवर असतो. आपण मराठीत हे शब्द जवळजवळ सपाट उच्चारतो, म्हणून हे सहसा जाणवत नाही. 'इटी'ने संपणाऱ्या नामांत आघात त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर येतो, जसे 'रिस्पॉन्सिबिलिटी'त 'बि'वर.

'हेलिकॉप्टर'ची गंमत तर याहून पुढची आहे. ग्रीक घटकांप्रमाणे त्याची फोड 'हेलिको' आणि 'प्टर' (पंख) अशी होते; पण इंग्रजी जिभेला आरंभीचा 'प्ट' पेलत नाही, त्यामुळे लोकांनी तो 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा तोडला आणि त्या चुकीच्या तुकड्यातून 'हेलिपॅड' हा नवा शब्द रूढ झाला.

शब्दकोशातील मुख्य शब्दात दिसणारे ठिपके बहुधा ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडावा, एवढेच सांगतात. 'नॉलेज'मधला 'एल' अमेरिकी पद्धतीत पहिल्या तुकड्यात राहतो, तर ब्रिटिश पद्धतीत दुसऱ्यात जातो. उच्चारासाठी त्या ठिपक्यांऐवजी शेजारी दिलेली उच्चारचिन्हे आणि आघाताची खूण पाहावी.