फी ड्रोनची भरलीत, मुलीला मात्र जंगल हवंय

ऐरोलीच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावरचे वणवे पाहून तिने वनशास्त्र शिकायचं ठरवलंय. वडिलांनी परस्पर ड्रोन पायलटच्या कोर्सची फी भरली. ‘वणव्यावर नजर ठेवायला आता ड्रोनच लागतात, लायसन्स आलं की नोकरी. तिला समजवा.’

समजवावं लागेल ते तुम्हालाच. ती जंगल म्हणाली, तुम्ही त्यातलं यंत्र तेवढं उचललंत आणि तिला न विचारता पैसे भरून आलात. पत्रात तिचे मार्क विषयवार आहेत, तिचं म्हणणं एका ओळीचंही नाही. शिवाय रिमोट पायलट सर्टिफिकेटला, म्हणजे ड्रोनच्या लायसन्सला, १८ वर्षं पूर्ण लागतात. फी घेताना कुणी वय विचारलं नाही? पैसे परत मागा, नाहीतर प्रवेश पुढे ढकला.

आता गैरसमज. वणव्याची पहिली खबर ड्रोन क्वचितच देतो. ती गस्तीवरचा वनरक्षक, गावकरी किंवा उपग्रह देतो. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाचे इशारे मोबाइलवर येतात, पण त्यातला एक ठिपका ३७५ मीटर लांबरुंद, म्हणजे साधारण ३५ एकर. त्यात आग नेमकी कुठे, कोणत्या उतारावर चढतेय, जाळरेषा (आग अडवायला आधीच मोकळा केलेला पट्टा) ओलांडली का, हे पाहायला ड्रोन. बॅटरी जेमतेम अर्धा तास; ३० टक्के उरली की उतरवायचाच, कारण परतताना वारा समोरून असू शकतो. थर्मल, म्हणजे उष्णता टिपणारा, कॅमेरा धुरातून पाहतो, दाट पानांतून नाही. दुपारी तापलेला काळा कातळही पडद्यावर आगीसारखा चमकतो, म्हणून धुमसते ओंडके शोधायला उजाडण्याआधी उडवतात. १२० मीटरवरून, १३ मिमी लेन्स आणि १२ मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर धरला, तर चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर ११ सेंमीचा. त्याहून लहान निखारा आजूबाजूच्या गार मातीत मिसळून आहे त्याहून थंड दिसतो. हे वाचता येणारी माणसं कमी आहेत. उडवणारे आठवड्याभरात तयार होतात.

मार्ग साधा आहे: एमएचटी-सीईटी, मग दापोलीला वनशास्त्राची चार वर्षांची पदवी. नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट, उपग्रहचित्रं वाचायला शिकवणाऱ्या आयआयआरएस या संस्थेचे ऑनलाइन कोर्सही फुकट. लायसन्स पुढे एखाद्या सुट्टीत काढेल, १० वर्षं चालतं.

आणि सरावाला म्हणून ड्रोन आणून तिला येऊरला धाडू नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय उडवला तर कारवाई तिच्यावर होईल, आणि तिला पुढे काम त्याच खात्याबरोबर करायचंय.