ओठ पुढे, आवाज मागे

प्रश्न : जत्रेत आम्ही गावच्या मुलांनी संगीत नाटक केलं. मंडपाच्या मागच्या टोकाला स्टँडवर मोबाईल लावून शूटिंग केलं आणि मिक्सरमधून वायर काढून आवाज रेकॉर्डरवर वेगळा घेतला. कॉम्प्युटरवर दोन्ही जोडले. पहिला अंक ठीक आहे, पण तिसऱ्यात नट तोंड मिटतो आणि मग वाक्य ऐकू येतं. आवाज सरकवला तर पहिला अंक बिघडतो. – एक वाचक, फोंडा

उत्तर : सगळीकडे सारखाच फरक असता तर सरकवून भागलं असतं. तुमचा वाढत जातोय, म्हणजे दोन घड्याळं वेगवेगळी पळताहेत. आधी मोबाईलची मूळ फाईल व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून शेवटचा प्रवेश बघा. तिथे ओठ जुळतात, पण एडिटिंगमध्ये मोबाईलचा स्वतःचा आवाजही सुटतो, असं असेल तर दोष फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घेतली त्याचा. मोबाईल सेकंदाला 30 फ्रेम घेतो खरा, पण रंगमंचावर काळोख झाला की हात आखडतो, कमीच घेतो. काही सॉफ्टवेअर मात्र सरसकट 30 धरूनच चालतात. हँडब्रेक या फाईल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल घालून व्हिडिओच्या पानावर 30 आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा. मोठ्या फाईलला तासन्‌तास लागतात. रात्री लावून झोपा, पण लाईट जाणार नाही अशा रात्री.

आता रेकॉर्डर. तो आपल्या चालीने चालतो, दोन तासांत थोडा तरी सरकतोच. एक खूण तिसऱ्या घंटेची घ्या, दुसरी भैरवीतल्या तबल्याच्या शेवटच्या थापेची. समजा, मधलं अंतर व्हिडिओत बरोबर दोन तास भरलं आणि रेकॉर्डरवर अर्धा सेकंद जास्त. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच भाग निवडा, ‘चेंज स्पीड’मध्ये नवी लांबी दोन तास लिहा. इतक्याशा फरकाने सूर हलल्याचं कुणाच्या कानाला कळत नाही.

मोठा फरक मात्र कळतो. एका कीर्तनाचं रेकॉर्डिंग मी 48,000 हर्ट्‌झचं (म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) असताना 44,100 धरून उघडलं. तासाचं कीर्तन पासष्ट मिनिटांचं झालं आणि पट्टी दीडेक घर खाली उतरली. बुवांचा फोन आला, ‘‘माझा गळा बसला होता काय रे त्या दिवशी?’’ मी काय सांगणार!

जुळवताना मोबाईलच्या आवाजावर भरवसा ठेवू नका. ध्वनी सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. रंगमंचाजवळच्या स्पीकरचा आवाज 35 मीटरवरच्या मोबाईलपर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मिक्सरच्या वायरीला ही वाट चालावी लागत नाही. म्हणून घंटेवर पडणारा हात दिसत असेल तर तो बघून जुळवा, नाहीतर नटाचे ओठ.

प्रश्न : बहिणीच्या लग्नाची कॅमेऱ्यातली एमटीएस फाईल लॅपटॉपवर ऐकू येते, टीव्हीवर चित्र दिसतं पण आवाज नाही. – एक वाचक, डिचोली

उत्तर : आवाज बहुधा एसी-3 प्रकारात आहे, तो सगळ्या टीव्हींना वाचता येत नाही. अ‍ॅव्हिडीमक्स या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ ‘कॉपी’वर ठेवा, ऑडिओ एएसी या प्रकारात करा, एमपी-4 म्हणून सेव्ह करा. चित्राला हात लागत नाही, त्यामुळे काम पटकन होतं. मूळ फाईल पुसू नका.